भाऊजींची बोलती बंद

रुग्णालयातले डॉक्टर तिला सुसाटबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानांतून काही सुटत नसे, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. डॉक्टर मंडळी रोगी तपासून झाले की अहवाल बोलून रेकॉर्ड करत आणि सुसाटबाई घरच्या खोलीत बसून ते टाइप करून पाठवत असे. डाव्या कानावर हेडफोन, त्यात डॉक्टर. पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं-मागे न्यायचं पेडल. उजवा कान मोकळा, तो संगणकासाठी.

तिला जन्मापासूनच दिसत नव्हतं. पडद्यावर जे काही येई ते संगणक तिला वाचून दाखवी, गेंगाण्या आवाजात आणि इतक्या घाईने की दुसऱ्या कुणाला ते पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटावं. तिचा नवरा घरांना रंग द्यायचं काम करी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो म्हणाला होता, "दिवसभर तुझं त्याच्याशीच चाललेलं असतं. माझा धाकटा भाऊच घरात येऊन राहिलाय म्हण ना!" तेव्हापासून त्या आवाजाचं नाव भाऊजी पडलं. भाऊजी उठले का, भाऊजी आज फार बडबडतायत, भाऊजींना जरा गप्प कर, माझा फोन आलाय. घरात सगळं असं चाले.

तर एका बुधवारी कार्यालयातून फरमान आलं. सगळ्यांच्या संगणकांवरची जुनी प्रणाली आता चालणार नाही. सोमवारपासून नवी प्रणाली असेल त्यालाच रुग्णालयाच्या कामात शिरता येईल. मागोमाग विभागाच्या मॅडमचा फोन आला.

"तुम्ही काळजी करू नका हं," मॅडम म्हणाल्या. "आमचा माणूस येऊन करून देईल. फक्त त्याच्याकडे रांग आहे, पुढचा महिना उजाडेल. तोवर तुम्ही चौकशीच्या टेलिफोनवर बसा. तात्पुरतं."

मॅडम मनाने चांगल्या होत्या, पण त्यांचं 'तात्पुरतं' सुसाटबाईला ठाऊक होतं. मागच्या मोठ्या अपडेटच्या वेळीही असंच 'तात्पुरतं' झालं होतं. चौकशीच्या खिडकीमागच्या टेलिफोनवर बसून "बाह्यरुग्ण विभाग डावीकडे" असं सांगता सांगता तिचा अर्धा हिवाळा गेला होता, आणि परत स्वतःच्या कामावर यायला तिला तीनदा अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या होत्या.

"मॅडम, मीच घालते नवी प्रणाली," ती म्हणाली. "सोमवारी कामावर हजर."

मग मॅडम म्हणाल्या, "बघा बाई. अडलं तर कळवा." त्या आवाजातली शंका लपत नव्हती.

सुसाटबाईसारख्याच न दिसणाऱ्या, संगणकावर काम करणाऱ्या लोकांचा एक फोनवरचा कट्टा होता. संध्याकाळी सगळे एकत्र लाइनवर येत. नवी प्रणाली सगळ्यांच्याच दारात आली होती, त्यामुळे त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता.

"माझ्याकडे झालं परवा," संगीतमास्तर म्हणाले. ते पेटी शिकवत आणि गाण्यांचं ध्वनिमुद्रण करत. "झालं म्हणजे काय, संगणक सुरू झाला आणि कुठल्यातरी भलत्याच भाषेत बोलायला लागला. दोन दिवस मी परक्या पाहुण्याबरोबर संसार केला. तो काय म्हणतो ते मला कळेना, मी काय बटण दाबतो ते त्याला पटेना."

सगळे खो खो हसले.

"तुम्हाला हसू येतंय," वकीलीणबाई म्हणाल्या. "माझ्या धाकट्या बहिणीचा संगणक अर्ध्यात मुका झाला तो झालाच. मी तर हात लावणार नाही. कोर्टात तारखा घेते तशा त्या अपडेटकडूनही तारखा घेतेय. 'नंतर आठवण करून द्या', 'नंतर आठवण करून द्या'."

"ते आता नंतर आठवण करून देणार नाहीत, बाई," मास्तर म्हणाले. "सुसाटबाई, एक सांगतो. पेडल, हेडफोन, जे जे लावलंय ते सगळं आधी काढून ठेवा. नुसता डबा, पडदा आणि कीबोर्ड. मध्येच नवखी वस्तू दिसली की तो बिचकतो."

शनिवारी तिने सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढून घेतली, पेडल आणि हेडफोन खणात ठेवले आणि नवरा कामावरून यायची वाट बघत बसली. तो आला, हातपाय धुतले, तरी अंगाला टर्पेंटाइनचा वास होताच. स्टूल ओढून तो तिच्याशेजारी बसला.

"मी काय करायचं?"

"डोळे व्हायचं. पडद्यावर येईल ते सांगायचं. आणि कशाला हात लावायचा नाही."

"एवढंच ना!" तो म्हणाला.

सुरुवात तर झकास झाली. फायली उतरत होत्या आणि भाऊजी टक्केवारी ओरडून सांगत होते. मग भाऊजी म्हणाले, "संगणक पुन्हा सुरू होत आहे," आणि अर्ध्या शब्दावर गप्प झाले. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"निळं."

"निळं म्हणजे?"

"म्हणजे पक्कं निळं नाही गं. पांढऱ्यात निळीचा एक थेंब जास्त पडला तर होतं ना, त्याच्या पुढचं. कडेला जरा काळपट. हा रंग मी कधी कुणाच्या बैठकीला देणार नाही."

"अहो, अक्षरं! आकडे!"

"हां, आकडे आहेत. मधोमध. वाढतायत."

आकडे वाढत वाढत एका ठिकाणी येऊन ठप्प झाले. चहा झाला, कप विसळून झाले, तरी आकडा हलेना. रंगाऱ्याचा धीर सुटला.

"अडकलंय. बंद करून चालू करू या का? आमच्या स्प्रेच्या पंपाला तेच करतो मी."

"खबरदार!" ती म्हणाली. टेबलाखाली वाकून तिने संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला. पत्रा गरम होता. आतला पंखा मघापेक्षा जोरात घोंघावत होता आणि त्याच्याखाली, अगदी बारीक, डिस्कची कुरकुर चालली होती. कुरकुर थांबे, पुन्हा लागे. मुकाट असला तरी आत तो राबत होता.

"काम चाललंय त्याचं. बसा शांत."

"पण आकडा—"

"आकडा जाऊ दे खड्ड्यात. माझ्या हाताला कळतंय."

तो बसला, पण पाय हलवत. आणि मग एकदम ओरडला, "हलला! अगं, हलला! भराभर पळतोय!" त्याने तिचा खांदा असा दाबला की ती कळवळली. मनातून मात्र ती खूश झाली.

खरी पंचाईत पुढेच होती. पडद्यावर नव्या प्रणालीचं स्वागत आलं, तिने पासवर्ड टाकला आणि भाऊजी उठायची वाट बघू लागली. भाऊजी उठले नाहीत. आवाज सुरू करणारी तीन बटणं तिने एकदम दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. स्पीकरची कळ तपासली, तार काढून घातली. छे.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

इथे रंगाऱ्याची दमछाक झाली. सुरुवातीच्या या पडद्यांवर सगळं इंग्रजी, आणि त्याचं इंग्रजी रंगाच्या डब्यांवरच्या नावांपुरतं. "एस... ई... टी... टी... आय..."

"सेटिंग्ज. पुढे?"

"पी... आर... आय... व्ही..."

"प्रायव्हसी. हो म्हणायचं का नाही म्हणायचं ते खाली असेल. कुठलं बटण उजळलंय?"

"उजवीकडचं. गर्द पारव्या रंगाचं."

"त्यावर काय अक्षर आहे पहिलं?"

असं एकेक अक्षर करत दोघं त्या पडद्यांतून पार झाले. त्याला घाम फुटला होता, पण एकही अक्षर तो चुकला नाही आणि एकदाही वैतागला नाही. शेवटी तो म्हणाला, "आलं बघ. तुझं नेहमीचं. त्या सगळ्या छोट्या चौकोनांचं."

नेहमीचं आलं होतं, पण मुकं. सुसाटबाईने हात मांडीवर ठेवले. तिला चौकशीची खिडकी आठवली, त्या खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन आठवलं. बाह्यरुग्ण विभाग डावीकडे.

नवऱ्याने हळूच म्हटलं, "इथवर तर आणलंस ना? सोमवारी मॅडमना सांगू. त्यात काय कमीपणा आहे?"

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

संगणक तर जिवंत होता. बटणं दाबली की पडदे बदलत होते, हे नवरा सांगतच होता. भाऊजींना तिने असं लावून ठेवलं होतं की पासवर्ड टाकताच त्यांनी उठावं. मग ते उठलेच नाहीत, की उठलेत आणि त्यांचा आवाजच बाहेर येत नाही? स्पीकर डब्याच्या आतल्या आवाजाच्या जुन्या कार्डावर चालत. नव्या प्रणालीने त्या कार्डाला ओळखच दाखवली नसेल तर? आणि मागे एकदा स्पीकर बिघडले होते तेव्हा दुरुस्तीवाला सहज बोलून गेला होता, की तुमच्या हेडफोनचं काही अडणार नाही, त्याच्या तारेतच त्याची आवाजाची सोय असते.

हेडफोन! मास्तरांचं ऐकून तिनेच तो खणात टाकला होता.

तिने खण इतक्या जोरात ओढला की तो बाहेरच आला. हेडफोनची तार पेडलच्या तारेत गुंतली होती. दोघांनी मिळून गुंता सोडवला. तिने डब्याच्या मागची खाच बोटांनी चाचपली, चपटं टोक आत सरकवलं आणि हेडफोन कानावर चढवला.

आधी नुसती घरघर. मग एक खट्. आणि मग भाऊजी! तेच गेंगाणे, तसेच घाईत, एका दमात पडद्यावरचं सगळं सांगत सुटलेले. ते मघाच उठले होते, मघापासून बोलतच होते, फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

नवऱ्याला फक्त हेडफोनमधून डास गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं.

"काय झालं? रडतेस कशाला? गेलं का सगळं?"

"आले!" ती म्हणाली. "अहो, भाऊजी आले!"

रंगाऱ्याने स्टूलवरून उठून टाळीच वाजवली. पण ती थांबायच्या मनःस्थितीत नव्हती. आता तिला कान होते, तर हात कशाला थांबतील? टकाटक ती आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरली, ते रुसलेलं कार्ड शोधून काढलं, त्याच्यासाठीचा नवा ड्रायव्हर म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि बसवला. स्पीकरची कळ मघाच्या धांदलीत पूर्ण फिरवून ठेवलेली होती, ते तिच्या लक्षात नव्हतं. भाऊजी अख्ख्या खोलीभर असे गरजले की नवरा स्टूलला अडखळून भिंतीवर आदळला आणि शेजारच्या काकूंनी पलीकडून विचारलं, "काय गं, कोण आलंय?"

"काही नाही, काकू," रंगारी ओरडला. "माझा भाऊ!"

सोमवारी कामाची वेळ व्हायच्या आधीच सुसाटबाई रुग्णालयाच्या कामात शिरली होती. डाव्या कानात हाडांचे डॉक्टर एका मोडलेल्या मनगटाची कहाणी सांगत होते, पाय पेडलवर, बोटं पळत होती. थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला.

"तुमचे अहवाल यायला लागलेत," त्या म्हणाल्या. "कुणी करून दिलं हो?"

"मी केलं. मिस्टरांनी अक्षरं वाचली."

मॅडम हसल्या, अगदी मोकळेपणाने. "मग ते टेलिफोनचं मी रद्द करते. आणि त्या जागेचा विषय परत तुमच्यापर्यंत येणार नाही, हा माझा शब्द."

तिने फोन ठेवला. हाडांचे डॉक्टर पेडलखाली थांबले होते. मग तिने पेडल दाबलं आणि मनगट पुढे जोडायला घेतलं.

कट्ट्यावर तिने सगळी हकीकत सांगितली तेव्हा मास्तरांनी आधी कबूल केलं, "हेडफोन काढायला मीच सांगितलं होतं. माझा सल्ला मागे घेतो."

"पुढच्या शनिवारी दुपारी सगळे एकदम नवी प्रणाली घालू," सुसाटबाई म्हणाली. "फोन चालू ठेवून. कुणी एकटं बसायचं नाही."

"मीसुद्धा?" वकीलीणबाईंनी विचारलं.

"तुमची तारीख लागली, बाई. आता पुढे ढकलता येणार नाही."

त्या शनिवारी तिच्या टेबलावर फोन ठेवलेला होता आणि त्यातून वेगवेगळ्या घरांतले पंखे ऐकू येत होते, कुठे कुणाचं मांजर, कुठे कुणाचा नातू. ती एकेकाला सांगत होती: डब्यावर हात ठेवा, गरम आहे ना, मग घाबरू नका. हेडफोन घाला. थांबा. आता तीन बटणं.

पहिला आवाज एका शिक्षकाकडे फुटला, जाडाभरडा. मग कुणाकडे बायकी, कुणाकडे चिरका. प्रत्येक आवाजामागे एक आरोळी. एकेक संगणक बोलता होत गेला आणि फोनमध्ये नुसता गलका माजला, कोण माणूस आणि कोण यंत्र ते कळेना. सगळ्यांत शेवटी वकीलीणबाई राहिल्या. त्यांच्याकडून नुसता पंखा ऐकू येत होता.

"वकीलीणबाई?" सुसाटबाईने विचारलं. "आहात ना?"

पलीकडून एक संथ, भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "स्वागत आहे." आणि त्याच्या पाठोपाठ वकीलीणबाई, कोर्टात आयुष्यात कधी ओरडल्या नसतील इतक्या जोरात ओरडल्या, "बोलला! अगं, बोलला!"