पुसायची नाही ती तार

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सौमेन बागचींनी देवयानीला घाईने बोलावून घेतलं. आर्ट गॅलरी त्यांची होती. भिंतींवर प्रदर्शनासाठी तिचे फोटो लागले होते. उत्तर बंगालच्या चहामळ्यांत रात्री हिंडणारे बिबटे, सगळे काळेपांढरे.

नवऱ्याची बदली खिदिरपूर बंदरात झाली म्हणून देवयानी कोलकात्याला आली, आणि मुलगी कॉलेजात गेल्यावर तिने हे काम धरलं. परवानगी काढून ती मळ्यांतल्या नाल्यांकाठी कॅमेरे बांधून येई. जनावर समोरून गेलं की कॅमेरा आपोआप चाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड फ्लॅशमध्ये फोटो काळापांढराच येतो. साध्या फ्लॅशने रंग मिळाले असते, पण त्या लखलखाटाला जनावर बुजतं, वाट सोडतं. देवयानीला ते मान्य नव्हतं.

"मॅडम, प्रायोजक पाहून गेले. फार आवडलं त्यांना," बागची म्हणाले. "फक्त फोटो जरा सोनेरी करू, कॉम्प्युटरवर होतं ते. आणि हा एक..."

दाराजवळच्या फोटोत बिबट्याची मादी वाकून पाणी पीत होती. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेल्या फासातून ती हिसका देऊन सुटली होती, पण तार मानेतच रुतून राहिली होती. भोवतीची कातडी सोलून निघाली होती.

"यातली तार पुसून टाकू. त्यांचं रिसॉर्ट तिथेच उभं राहतंय. पाहुण्यांना असलं बघवत नाही."

"फोटोतली पुसली तर मानेतली निघेल का, सौमेनदा?"

"पहिलंच प्रदर्शन आहे तुमचं. हट्ट करू नका. नाहीतर मला सगळेच फोटो उतरवावे लागतील."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" देवयानीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "मीच उतरवते."

टॅक्सीत फोटो घालून ती दमदमला घरी आली, तेव्हा नवरा अजेय चहा घेत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "एक बाजूला ठेवला असतास, तर बाकीचे तरी लोकांनी पाहिले असते."

"लोकांनी पाहायचा तो हाच आहे. वनखात्याला पाठवून महिना झाला, साधं उत्तर नाही."

अजेयने तो फोटो भिंतीला टेकवला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला. मग उठून म्हणाला, "खाली पार्किंग आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीशी मी बोलतो."

सेक्रेटरी कुरकुरले, पण रविवारी गाड्या बाहेर निघाल्या. खांबाखांबांना दोऱ्या बांधून फोटो चिमट्यांनी लटकवले. खालची माहिती मुलीने, सायलीने, बंगालीत लिहिली. "तुझं बंगाली वाचून बिबटेसुद्धा पळतील, आई."

आधी शेजारी आले, मग बाजारातून परतणारे, पिशव्या हातात घेऊन. तारेच्या फोटोपुढे सगळेच थबकत. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "जिवंत आहे का हो ही?"

"माहीत नाही," देवयानी म्हणाली. "तुम्हीच विचारा. हा वनखात्याचा नंबर."

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. मग इतरांनी लावला, फोटो मोबाइलवर घेऊन पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत तो शहरभर फिरला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले दारात आले.

त्या आठवड्यात वनखात्याच्या पथकाने मळा पिंजून काढला. फासांचा ढीग निघाला, मादी मात्र दिसेना. देवयानी रोज फोन करी. पलीकडचे लोक वैतागत, तरी करी.

अखेर मळ्याजवळच्या पशुवैद्यांचाच फोन आला. "सापडली, मॅडम. बेशुद्ध करून तार कापली. जखम खोल आहे, पण जगेल."

देवयानीने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला.

"कुठे सोडणार?"

"रिसॉर्टवाले म्हणतात, लांब नेऊन सोडा."

"रिसॉर्ट आत्ता आलंय. नाला तिचा आहे," देवयानी म्हणाली. "तुम्ही तिथेच सोडा. मी येतेय. कुणाला काही म्हणायचं असेल तर मला येऊन म्हणू दे."

सायलीने आईची बॅग आधीच कपाटावरून खाली ओढली होती.