दुसऱ्या मजल्यावरचा सैल स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यांची जी बाजू माझ्या वाट्याला येते, तिच्यावरून दुसरं काय होणार?

ज्या सागापासून मी घडले, त्याच्या शेंड्याला घासून ढग फाटायचे. अशा घराण्यातली मी, आणि ठेवली कुठे, तर जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर! काल तर मला भंगारात काढायचं घाटत होतं.

मला तिथे ठेवलं चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी, नवऱ्यासाठी. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. काळीज जन्मापासून अधू. हा विशी बघणार नाही, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलेलं. त्याने त्रेसष्ट वर्षं काढली. मुदत देणारे तीन डॉक्टर मात्र त्याच्याआधी आटोपले.

एकतीस वर्षांत तो माझ्यावर एकदाही बसला नाही. बसले ते भलतेच. पिशव्या आपटणाऱ्या आजीबाई, घाम पुसणारा कुरिअरवाला. "बसा, बसा ना," म्हणत हा स्वतः पायरीवर टेकायचा. ओठ निळे पडलेले. मग खिशातून चष्म्याचा इवलासा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या मागच्या पायाचा स्क्रू आवळत बसायचा. नेलकटरने झाड तोडण्यातलाच प्रकार!

"फार डुगडुगते हो ही," तो सांगायचा. "तुम्ही व्हा पुढे, मी आवळून येतो."

डुगडुगते? मी? अहो, तो लबाड रोज सकाळी उतरताना तोच स्क्रू सैल करून जायचा! संध्याकाळी दम खायला निमित्त नको? पंधरा मिनिटांनी स्वारी शीळ घालत वर. घरच्यांना धाप कळू नये म्हणून अब्रू गेली ती माझी.

गेल्या महिन्यात असाच स्क्रू सैल करून उतरला आणि दुकानातच गेला. काच हातात होती म्हणे.

काल त्याचा मेहुणा भेटायला आला. शरीर रेड्याचं, अक्कलही त्याच बेताची. 'बहीण फुटक्या मडक्याला दिली,' असं हा जन्मभर म्हणत आला. माझ्यापाशी पोचेपर्यंत मडकं कोण ते दिसलंच. धापा टाकत माझ्यावर आदळला. मी डुगडुगले. पाडावं की काय, असं फार मनात आलं.

"टाका ही भंगारात!" तो ओरडला. "भाऊजींना एक खुर्ची धड करता आली नाही."

आवाज ऐकून मायलेकी खाली आल्या. लेकीच्या हातात तो स्क्रूड्रायव्हर होता.

"उठू नकोस मामा, दम घे आधी," म्हणत ती बापाच्याच पायरीवर बसली. स्क्रूला दोन पिळे दिले आणि थांबली.

"आई, याचे आटे अगदी शाबूत आहेत गं. रोज फिरवून खाच तेवढी चकाकतेय. बाबा मुद्दाम..."

बाई कठड्याला टेकल्या.

"आणि मी वर नळ सोडून ठेवायची," त्या हळूच म्हणाल्या. "यांची धाप मला ऐकू येत नाही, असं यांना वाटावं म्हणून."

मेहुण्याने वाकून माझ्या मागच्या पायाकडे पाहिलं.

"मग... टाकायची ना?" त्याने विचारलं.

"आवळ गं," बाई लेकीला म्हणाल्या. "तुझ्या मामाला लागेल अजून."

मित्रांनो, तुमच्या घरच्या खुर्चीचे स्क्रू वर्षातून एकदा तरी बघत जा. आणि जिन्यात कुणी असा स्क्रू आवळत बसलेला दिसला, तर काय झालं म्हणून विचारू नका. पुढे व्हा आणि नळ सोडा.