तीन टनांची पुली

चिंतामणीने साखळी आणखी एकदा खेचली आणि फणसाचा बुंधा हलायच्या ऐवजी पडवीचा खांब करकरला.

“घर पाडताय का?” त्याच्या बायकोने, कुंदाने, आतून विचारलं.

त्याने साखळी सैल सोडली. गेल्या रविवारी एक टनाची चेनपुली कमी पडली, म्हणून अंबरनाथच्या कंपनीत स्टोअरमधल्या हिरामणला गळ घालून त्याने तीन टनांची मिळवली आणि रिक्षात घालून कुळगावला आणली. वर्कशॉपमध्ये अर्धा जन्म गेलेल्या माणसाने पुलीची ताकद नीट मोजली आणि ती बांधायची कशाला, हेच विसरला. पुली कितीही जोराची असो, दोन टोकांतलं जे कच्चं ते आधी उपटून येतं.

पक्कं असं जवळपास एकच होतं, आण्णाच्या बाजूचा आंबा.

आण्णा त्याचा थोरला भाऊ, शेजारीच राहणारा. विहिरीवरच्या मोटारीवरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. मोटार कधीच जळून गेली, पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. आता सामाईक अंगणात भिंत घालायची होती, बुंधा नेमका तिच्या रेषेत होता आणि गवंडी उद्या येणार होता.

चिंतामणी बराच वेळ हात पुसत राहिला, मग गेला. आण्णाने नाही म्हणावं, भिंत घालण्यावरून चार शब्द सुनावावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“आण्णा, आंब्याला पुली बांधू का?”

आण्णाने पेपरची घडी केली. आतून गोणपाट आणलं आणि साखळीने साल सोलवटू नये म्हणून आंब्याला गुंडाळलं. मग तो पहार घेऊन बुंध्यापाशी उभा राहिला. चिंतामणीला धाप लागली की साखळी आपण घ्यायचा, पहार त्याच्या हातात द्यायचा. दुपार कलताना मुळं कडाडली आणि बुंधा आडवा झाला. चिंतामणीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

“गवंडी कधी यायचाय?” आण्णाने विचारलं.

“उद्या.”

आण्णाने मान हलवली. चिंतामणी आपल्या पडवीची पायरी चढला, तेवढ्यात मागून हाक आली.

“चिंतू, पुली राहिली.”

त्या नावाने त्याला आता दुसरं कुणी हाक मारत नव्हतं. तो वळला. बुंधा अंगणात मुळं वर करून पडला होता; ओढायला आता काही उरलं नव्हतं.

“असू दे तिथंच,” तो म्हणाला. “उद्या लागेल.”

आण्णाने उपटलेल्या बुंध्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मग गोणपाटही राहू देतो,” तो म्हणाला.