बेकरीवाल्या वहिनींचा वजनकाटा

या मित्रांनो, असे जवळ सरका. दाराशी घुटमळू नका, आत या आणि घटकाभर चित्त माझ्याकडे द्या. मी तुम्हांला दोन बायकांची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्यापैकी खोटं कोण बोलतंय, हे ओळखताना माझी आणि अख्ख्या दवाखान्याची मती गुंग झाली होती.

मी एक जुना वजनकाटा आहे. बिडाचा पाया, रुंद पाट, उभा खांब, आणि वर पितळी दांडी. दांडीवर दोन वजनं इकडून तिकडे सरकतात. तिच्यावरच्या रेघा एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने कोरल्या. शेवटची रेघ कोरून झाल्यावर त्याने माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "खरं बोल रे बाबा." तोच माझा गुरुमंत्र.

तरुणपणी मी दवाखान्यात अगदी पुढच्या खोलीत होतो. मग आकडे उजळणारे चपटे काटे आले. त्यांचा तोरा काय सांगू! मला मोडक्या खाटांमागे ढकलून दिलं. कोळ्यांनी दांडीवर संसार थाटले. पण देव कोणाला कायमचं अडगळीत ठेवत नाही. इथे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि थोराड माणूस उभा राहिला की ते नाजूक काटे आकडा दाखवायचंच सोडून देऊ लागले. तेव्हा साऱ्यांना माझी आठवण झाली. तेलपाणी झालं आणि मी या तपासणीच्या खोलीत आलो.

शस्त्रक्रियेआधी इथे माणसाला नखशिखांत तपासतात. रक्त काढतात, हृदयाचा आलेख घेतात, घशातून दुर्बीण घालून पोट बघतात, मनाचे डॉक्टर मनातलं विचारतात. आणि दर फेरीला माझ्यावर उभं करतात. मित्रांनो, या खोलीत राहून मी संशयी झालो. पहिल्या दिवशी लोकांना जड भरायचं असतं, म्हणजे शस्त्रक्रिया मंजूर होते. म्हणून खिशात किल्ल्यांचे जुडगे, अंगात दोन-दोन स्वेटर. पुढे पथ्य सुरू झालं की त्यांनाच हलकं भरायचं असतं. मग हळूच एका हाताने खिडकीचा कठडा धरतात. आमच्या सिस्टर मोठ्या खमक्या. "हात सोडा काका," म्हणतात, "काट्याला गुदगुल्या नका करू."

एके दिवशी बेकरीवाल्या वहिनी आल्या. सोबत त्यांची थोरली नणंद. वहिनींचे यजमान देवाघरी गेल्यापासून या दोघीच बेकरी चालवत. वहिनी भट्टीसमोर उभ्या उभ्या पेंगायच्या. एकदा झोकांडी जाऊन हात भाजला होता, त्याची पट्टी अजून होती. शस्त्रक्रिया झाली नाही तर एक दिवस भट्टीतच पडेन, ही त्यांची भीती. डॉक्टरबाईंनी पथ्य दिलं: फक्त पातळ, गाळलेलं सूप. यकृतावरची चरबी उतरली तरच आत हत्यारं फिरवायला जागा मिळते. वजन घटलं नाही, तर तारीख रद्द.

पुढच्या फेरीला वहिनी माझ्यावर उभ्या राहिल्या. सिस्टरांनी वजन सरकवलं. दांडी खाली येईना. आणखी सरकवलं. वजन घटण्याऐवजी वाढलं होतं!

"बेकरी तुमचीच ना?" सिस्टरांनी भुवई उडवली.

"देवाशपथ सांगते, सुपाशिवाय काही घेतलं नाही," वहिनी म्हणाल्या.

नणंद तर भांडायलाच उठल्या. "माझी वहिनी खोटं बोलायची नाही! तुमचा हा म्हातारा काटाच खोटा आहे. गंजलाय मेला!"

मित्रांनो, माझ्या जिवाला तो शब्द फार लागला. दुसऱ्या दिवशी काटे तपासणारा माणूस आला, प्रमाणित वजनं ठेवून मला पारखलं. मी खरा ठरलो. मग सारा संशय वहिनींकडे वळला. मीही त्यांच्याकडे तशाच नजरेने पाहू लागलो. त्यांच्या ओढणीवर मैदा दिसला की वाटे, पाहा, मुद्देमाल सापडला. पुढच्या फेरीलाही वजन तेवढंच. डॉक्टरबाई थंड आवाजात म्हणाल्या, "आज रात्री इथेच झोपेची तपासणी करू. तारखेचं नंतर बघू. असंच राहिलं तर मी हात लावणार नाही."

त्या गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ माझ्या पाटावरून उतरल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आज झोपताना मला पलंगाला बांधून ठेवाल?"

सिस्टर हसल्या. "का हो, पळून जाणार आहात?"

"मला वाटतं, मी झोपेत उठून खाते. सकाळी तोंड कोरडं असतं, अंग मोडून आलेलं असतं, जशी काही रात्रभर राबलेय. काटा खरा, तुम्ही खऱ्या. मग खोटी मीच ना? बांधा मला. म्हणजे खरं तरी कळेल."

सिस्टरांचं हसू मावळलं. आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या नणंदबाई गप्प! मला शंका आली. त्यांनी मांडीवरचा सुपाचा थर्मास पदराखाली ओढला होता.

"वन्सं, बोला ना काहीतरी," वहिनी म्हणाल्या.

नणंदेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुला कशाला बांधायचं गं? मला बांधा. रोज सुपात साय आणि लोणी घोटून घालत होते मी. माझा भाऊ असाच पथ्य करून, वाळून आत गेला. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही. तू तरी अंगात ताकद घेऊन जावंस म्हणून..."

वहिनींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "आणि मी विचारलं, दाट का लागतंय, तर म्हणालात, भाज्या चांगल्या शिजल्यात!"

"शिजल्या होत्याच की," नणंद हुंदक्यातून म्हणाल्या. आणि त्या खोलीत, रडता रडता, तिघीही हसल्या.

झोपेच्या तपासणीत वहिनी पलंगावरून हलल्या नाहीत. बिघडला होता तो श्वास. झोपेत तो पुनःपुन्हा अडकत होता, म्हणून तोंड कोरडं पडत होतं, अंग मोडत होतं आणि दिवसा भट्टीसमोर पेंग येत होती. डॉक्टरबाईंनी झोपताना लावायचा श्वासाचा मुखवटा दिला, आणि नणंदेला समोर बसवून समजावलं. "तुमचं लोणी त्यांना ताकद नाही देत. माझ्या हातांची वाट अडवतं." त्यानंतरचं सूप पाण्यासारखं पातळ होतं, आणि माझ्या दांडीवरचं वजन दर फेरीला थोडं थोडं मागे येत गेलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी वहिनींना आत नेलं. नणंदबाई माझ्या खोलीत आल्या आणि बाकड्यावर न बसता थेट माझ्या पाटावर बसल्या, डोळे मिटून, हात जोडून. दांडी वर जाऊन टेकली. मी त्यांचं वजन केलं नाही, मित्रांनो. नुसता भार घेतला.

शेवटी सिस्टर धावत आल्या. "आल्या शुद्धीवर. पहिलं काय विचारलं सांगू? वन्संनी काही खाल्लंय का?"

मित्रांनो, माझ्यासारख्या काट्यांना तेलपाणी करत जा, धूळ साचू देऊ नका. पण आम्ही फक्त किती ते सांगतो, का ते सांगत नाही. तुमच्यासमोर कोणी थोराड माणूस उभा राहिला आणि तुमची भुवई वर जाऊ लागली, तर क्षणभर थांबा, आणि आमच्या बेकरीवाल्या वहिनींची आठवण काढा.