गोदामामागचं वळण

वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तेव्हा ऊन मैदानावर अजून नीट पसरलंही नव्हतं.

क्लबातले लहानथोर त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्या चॅम्पियनच्या बायको. आणि चॅम्पियन म्हणजे याच मैदानावर उजाडल्यापासून मावळेपर्यंत बारा तास गोल गोल पळून ज्याने विक्रम केला, तो. वर्षं उलटली, पण तो विक्रम कुणाला मोडता आला नव्हता. त्या दिवशी फेऱ्या मोजायला वहिनीच होत्या. तेव्हा त्या कुणाच्या वहिनी नव्हत्या, क्लबात कारकून होत्या. संध्याकाळी घामाने थबथबलेला तो उंच माणूस मोजणीच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "दिवसभर तुमचा चेहरा बघायला मिळावा म्हणून एकेक फेरी मारली." एवढ्यावर बाई विरघळल्या. त्या वयात कुणीही विरघळलं असतं.

इथे फेऱ्या अजून हातानेच मोजतात. मशीन आणायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. तारांमध्ये ओवलेल्या लाकडी मण्यांची एक चौकट आहे. धावणाऱ्याने टेबलासमोरची पांढरी रेघ ओलांडली की एक मणी सरकवायचा, बस्स. आज विक्रम मोडायला आलेल्याचे मणी जुन्या विक्रमवीराच्या बायकोने सरकवावेत का, अशी कुजबुज झालीच. पण सेक्रेटरींनी ती मोडून काढली. "वहिनींनी सरकवलेला मणी म्हणजे दगडावरची रेघ," असं म्हणून ते शेजारच्या खुर्चीत बसले आणि तासाभरात घोरायलाही लागले.

विक्रम मोडायला आलेला तो डोंगऱ्या. डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं पोचवायचं त्याचं काम. चढउताराच्या सगळ्या शर्यती त्याने मारल्या होत्या, पण सपाटीवर बारा तास तो पहिल्यांदाच पळत होता. चॅम्पियनचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून ते घरी पलंगावर. वहिनी घरून निघताना ते म्हणाले होते, "डोंगरावर दम लागला तर माणूस चालतो, उतारावर पाय आपोआप पडतात. सपाट जमीन कुणाला सूट देत नाही. दुपारी आडवा होतो की नाही बघ."

दुपार झाली, आणि गडी आडवा होण्याचं नाव घेईना.

आणि सकाळपासून येणारा तो आवाज! मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, वळणाच्या आतल्या बाजूला, क्लबाचं साहित्याचं गोदाम आहे. धावणारा त्याच्या मागे गेला की टेबलावरून थोडा वेळ दिसत नाही. डोंगऱ्या तिथे पोचला की दर फेरीला गोदामामागून हाक यायची. "होऽऽ!" मग तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा, साळसूदपणे मान खाली घालून. हाक कुणाला? तिथे तर कुणी नव्हतं. की होतं? त्याची बहीण पाण्याच्या टेबलाशी उकडलेले बटाटे आणि लिंबूपाणी घेऊन बसली होती. पण अशा माणसांना एकच बहीण असते असं कुठे आहे? कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. वहिनी डोळ्यांत तेल घालून बघायला लागल्या, पण गोदामाच्या भिंतीपलीकडचं कसं दिसणार?

तेवढ्यात फोन वाजला.

"पडला का?" चॅम्पियननी विचारलं.

"नाही हो. पळतोय. आणि गोदामामागे गेला की ओरडतो."

"ओरडतो? कशाला?"

"तेच तर कळत नाही."

पलीकडे चॅम्पियनचा आवाज एकदम खाली आला. "अगं, तो आतून कापतोय. सांगतो ऐक. वळणाच्या आतल्या बाजूने, गोदामाच्या भिंतीला चिकटून गेलं की बरंच अंतर वाचतं. टेबलावरून कुणाला दिसत नाही. तू तिथे जाऊन कान लाव. भिंतीजवळ गवतात गटाराचं लोखंडी झाकण आहे. आतून जाणाऱ्याचा पाय त्यावर पडतोच पडतो. वाजतं ते. वाजलं की समज, चोर सापडला."

"बरं," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याला किती बारीकसारीक ठाऊक असतं, याचं त्यांना नेहमीसारखं कौतुकच वाटलं. त्यांनी सेक्रेटरींना हलवून जागं केलं, मण्यांची चौकट त्यांच्या पुढ्यात ठेवली, "एक फेरी चुकली तर बघा" असा दम भरला आणि मैदान ओलांडून त्या गोदामामागे गेल्या.

तिथे कुणी नव्हतं. ना दुसरी बहीण, ना बाटली, ना कसली पिशवी. वहिनी भिंतीच्या कोपऱ्याआड उभ्या राहिल्या. पावलांचा आवाज जवळ आला, "होऽऽ" झालं, आणि डोंगऱ्या वळणावर आला. पण आत शिरायचं सोडून हा बाबा आतली रेघ सोडून थेट बाहेर गेला, मार्गाच्या पार कडेपर्यंत! तिकडूनच लांबचा वळसा घेऊन मग पुन्हा आत आला. पुढच्या फेरीलाही तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. मोजणी होते आतल्या रेघेची. बाहेरून मारलेला वळसा फुकट. हा माणूस दर फेरीला फुकटचं अंतर पळत होता.

चोर पकडायला आलेल्या माणसाला दानशूर सापडावा, तसं वहिनींचं झालं. तरी संशय असा सहजासहजी जात नाही. झाकण तरी कुठे आहे ते बघू, म्हणून त्या गवतात शोधू लागल्या. झाकण दिसेना. गवत घोट्याच्या वर वाढलेलं. मार्गावरून पळणाऱ्याला जन्मात दिसलं नसतं असं. शेवटी भिंतीला चिकटून चालत गेल्या, तेव्हा पाय पडला.

ठण्ण!

वहिनी जागच्या जागी थिजल्या.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवशी, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर दिवशी, दुपार कलल्यावर हाच आवाज मैदानाच्या टोकाकडून येऊ लागला होता. गोदामाचं दार वाऱ्याने आपटतंय, असं त्यांना वाटलं होतं. बरं वाटलं होतं, कारण आवाज झाला की थोड्या वेळाने तो रेघेवर यायचा. डोळे दुखत होते, म्हणून त्या आवाजाची वाट बघायच्या. ठण्ण झालं की बोट मण्यावर ठेवायच्या आणि तो हसत समोरून गेला की मणी सरकवायच्या.

वारा. त्या दिवशी वारा तरी होता का?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. करंडक, लग्न, शाळांतून होणारे सत्कार, "चॅम्पियनच्या मिसेस" म्हणून पुढच्या रांगेत मिळणारी खुर्ची, सगळं त्या एका झाकणावर उभं होतं. त्यांना नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःच्या कौतुकाचा आला.

परतताना त्या पाण्याच्या टेबलाशी थांबल्या. "तुझा भाऊ त्या वळणावर ओरडतो का गं? आणि बाहेर का जातो?"

बहीण गोंधळली. "ओरडतो? असेल बाई. डोंगरात आंधळं वळण आलं की हाक द्यायचीच. आणि समोरून कुणी ओझं घेऊन येत असेल तर डोंगराची बाजू त्याची. मोकळ्या माणसाने दरीकडून, म्हणजे बाहेरून जायचं. लहानपणापासून पायांना तेच वळण. चुकलं का काही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "चुकलं नाही."

त्या जागेवर आल्या. सेक्रेटरींनी मणी इमानाने सरकवले होते. वहिनींनी चौकट पुढ्यात ओढली आणि हिशेब केला. असाच पळत राहिला तर विक्रम थोडक्यात हुकणार होता. थोडक्यात म्हणजे अगदी थोडक्यात. नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाला फसवायचं नव्हतं, मणी चोरायचा नव्हता. धावणाऱ्याने कुठून पळावं हे सांगणं मोजणाऱ्याचं काम नाही, असंही म्हणता आलं असतं. संध्याकाळी करंडक जागेवर, नवरा जागेवर, आणि तो आवाज म्हणजे दाराचा, वाऱ्याचा.

डोंगऱ्या आला, गेला. मणी सरकला. "होऽऽ." पुन्हा आला, गेला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. वहिनींना त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या खेपेला त्या ताडकन उठल्या आणि रेघेच्या कडेला जाऊन ओरडल्या, "अरे, इथे समोरून कुणी येत नाही! त्या वळणावर आतली रेघ धर, आतली! बाहेरचं मोजत नाहीत रे!"

सेक्रेटरी चमकून बघायला लागले. डोंगऱ्याने पळता पळता मान वळवली, आणि ते थकलेलं तोंड असं काही उजळलं की वहिनींना रडूच फुटलं. त्यानंतरही गोदामामागून हाक येत राहिली. सवय ती. पण तो आता लवकर बाहेर पडत होता.

सूर्य मावळायच्या जरा आधी त्याने विक्रम मोडला. बहिणीने त्याला मिठी मारली, सेक्रेटरींनी हार घातला, आणि आपण सबंध दिवस जागेच होतो असं भाषण केलं.

वहिनी घरी आल्या तेव्हा चॅम्पियन पलंगावर पाय लांब करून बसले होते. बातमी आधीच पोचलेली.

"सेक्रेटरींचा फोन आला होता. तू त्याला ओरडून सांगितलंस म्हणे?" त्यांचा आवाज थरथरत होता. "घरच्या माणसाचा घास काढून दिलास? आणि ते झाकण? ऐकलंस का तू? वाजलं की नाही?"

वहिनींनी चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली. "वाजलं."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"माझ्या पायाखाली वाजलं. तो बाहेरून जात होता, दर फेरीला." त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. "अहो, ते झाकण मार्गावरून दिसत नाही. त्यावर पाय पडला की वाजतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

चॅम्पियन गुडघ्यावरची पट्टी चाचपू लागले. "पाय चालत नव्हते गं," ते म्हणाले. "दुपारनंतर चालतच नव्हते. आणि तू समोर बसलेलीस."

"कितीदा?"

"आता कशाला? विक्रम तर गेलाच."

"कितीदा, अहो?"

"मोजलं नाही मी."

वहिनींनी कपाटावरच्या करंडकाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"मी मोजलं," त्या म्हणाल्या. "एकेक मणी."