बुध्याचे पाच रंग

मोहिनीने टेबलावर रंगांच्या बाटल्या मांडल्या, तशा सहावीतल्या पोरांनी माना अशा लांब केल्या की मागच्या बाकावरचीही पुढे आल्यासारखी वाटली. लाल, पिवळी, निळी, पांढरी, काळी आणि तपकिरी. घोडेगावातून सकाळच्या एसटीने डोंगरात चढत आल्या होत्या त्या, मोहिनीच्या मांडीवर बसून. चित्रकलेची ही बाई आठवड्यातून तीन दिवस यायची, आणि ते तीन दिवस पोरं फळ्याकडे कमी अन् रस्त्याकडे जास्त बघायची.

"घरातलं एक जनावर काढा," ती म्हणाली.

तासाभरात वर्गभर शेळ्या चरू लागल्या, कोंबड्या फडफडल्या. ऋतिकच्या कागदावर मांजर झोपलं होतं. बसून झोपलेलं, म्हणजे पाय काढायची कटकट नाही. समृद्धीच्या कागदावर मात्र बैल उभा होता. शिंगं, वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, शेपटीचा गोंडा, सगळं जिथल्या तिथं. फक्त रंग नव्हता.

"रंग का नाही दिलास गं?"

"ह्यात बुध्याचा रंग नाय, बाई."

मोहिनीने तपकिरी बाटली पुढे सरकवली. समृद्धीने झाकण काढून विहिरीत डोकवावं तसं आत पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"ह्यो चिखलाचा हाय. बुध्या खैरा हाय."

"खैरा म्हणजे तपकिरीच ना?"

वर्गात खसखस पिकली. ऋतिक म्हणाला, "बाई येडगावच्या हायेत. धरणाकडं सगळे बैल निळेच असत्याल."

मोहिनी हसली, पण आतून चमकलीच. येडगावात तिच्या घरी ऊस होता, ट्रॅक्टर होता, दावणीला बैल तिने पाहिलाच नव्हता. तिने खडू उचलला. "सांगा बरं. खैरा, आणखी काय?"

पोरं सुटली. खैरा म्हणजे काताच्या रंगाचा. तांबडा म्हणजे मातीसारखा, पण पाऊस पडायच्या आधीच्या. कोसा म्हणजे भाजत आलेल्या भाकरीसारखा. पवळा, बांडा, मोरा. तिने पुण्यात शिकताना तपकिरीच्या चार नळ्या वापरल्या होत्या, त्यांवर लांबच्या कुठल्या मुलखांच्या मातीची नावं होती. ही नावं गोठ्यातली होती, आणि ती तिला कुणी शिकवलीच नव्हती.

मधल्या सुट्टीत सगळी पांगली. समृद्धी हलली नाही.

"बाई, रंग बनवता येतो का? अगदी त्याच्यासारखा?"

"येईल. घाई आहे का?"

"सोमवारी त्याला बेल्ह्याच्या बाजारात नेत्यात."

मग तिने सगळं सांगितलं, एका दमात. जोडीतला दुसरा बैल माघात साप चावून गेला. वडलांनी भातासाठी पॉवर टिलर आणला. एकट्या बैलाचं करायचं काय? येडगावचे एक गोरखभाऊ आहेत, त्यांच्याकडेही एकच खैरा उरलाय, त्यांना जोड हवी आहे. वडलांनी बुध्याचा फोटो पाठवला. गोरखभाऊंचा निरोप आला, राव, हा तर लई तांबडा, माझ्या बैलाशेजारी शोभायचा नाय, एवढ्या लांब कशाला येऊ?

"फोटू खोटं बोलतो, बाई. सांजच्या उन्हात काढला व्हता. बाजारात कोण नेईल, कुठं नेईल, काय कळायचं बी नाय. गोरखभाऊंकडं गेला तर जोडीत राहील. बुध्याला एकटं खायला जात नाय."

गोरखभाऊ म्हणजे तिचे गोरखकाकाच; मोहिनीने त्यांचं घर डोळ्यांसमोर आणलं. तिच्या घरापासून तीन शेतं सोडून. शनिवारी ती घरी जाणारच होती.

"उद्या तुमच्या गोठ्यात तास घेऊ," ती म्हणाली.

शुक्रवारी सगळा वर्ग समृद्धीच्या गोठ्यापाशी बसला. तिचे आजोबा कुशाबा बुध्याची दोरी धरून उभे, जणू बुध्याचाच फोटो काढायचाय आणि त्याने हलू नये. पोरांनी बशांमध्ये रंग कालवायला घेतले. लालात पिवळा टाकला की केशरी उठायचं, त्यात निळ्याचा एक थेंब पडला की केशरी बावरून मातीकडे वळायचं. थेंब जास्त झाला की सगळं मेलं. ऋतिकने त्याचं गाणंच केलं.

"लालात घाल पिवळं बाई, पिवळ्यात घाल निळं,
एक थेंब जास्त झाला, तर बैल व्हतोय काळं."

"काळं न्हाई, काळा," कुणीतरी म्हणालं.

"गाण्यात चालतंय."

ओला रंग बुध्याच्या अंगाशी धरला की जुळायचा, वाळला की फिका पडायचा. म्हणून मोहिनीने सांगितलं, जरा गडद करा, वाळायची वाट बघा, मग ताडून बघा. पोरं कागदावर फुंकर घालत बसली. बुध्या त्यांच्याकडे बघत रवंथ करत राहिला.

आणि मग समृद्धीच्याच लक्षात आलं, की बुध्या एका रंगाचा नाहीच. पाठीवर ऊन पडतं तिथं तो उजळ. मानेवर गडद, जवळजवळ काळपट. बरगडीवर खरा खैरा. पोटाखाली दुधात काताचं पाणी पडल्यासारखा. तिने लांबट कागदावर चार चौकोन ओळीने रंगवले, वाळू दिले, ताडून पाहिले, पुन्हा रंगवले. मोहिनी बघत होती. पोरगी बैलाकडे बघते आणि मग कागदाकडे, आणि मधल्या त्या क्षणात काय होतं? काय घेऊन येतात हे डोळे एवढ्याशा वाटेवरून? दहा वर्षं ती शिकवत होती, पण हे कधी तिने थांबून विचारलं नव्हतं.

समृद्धी उठून बैलाच्या पलीकडे गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. परत आली तेव्हा कागदाच्या टोकाला पाचवा चौकोन होता. राखी, मधोमध फिकट गुलाबी.

कुशाबांनी वाकून पाहिलं. "हे कशाला? त्यो जुवाचा वण नगं दावू."

"बाई म्हणल्या, दिसतंय त्येच काढायचं."

कुशाबांनी मोहिनीकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, नवल होतं. "बाई, शाळेत ठीक हाय. पण सौद्यात आपण व्हऊन डाग दावतं का कुणी?"

मोहिनीने तो चौकोन पुन्हा एकदा पाहिला.

"गोरखभाऊंकडं कागद तुमीच नेणार ना," ते म्हणाले. "मग तुमीच बघा."

शनिवारी दुपारी नारायणगावच्या गाडीत तिने कागद पर्समधून काढला. राखी चौकोन अगदी कडेला होता. नखाने घडी घातली तर अलगद सुटून आला असता, आणि उरलेले चार चौकोन जास्तच देखणे दिसले असते. दिसतंय तेच काढा, हे ती वर्गात किती सहज म्हणायची. वर्गात त्याने कुणाचं काही जात नव्हतं. इथे त्या वाक्याने एका पोरीचा बैल जाणार होता, कुठल्या तरी ट्रकमध्ये, कुठल्या तरी गावाला. तिने तो तुकडा फाडला नाही. पण घडी घालून मागे दुमडला.

गोरखकाका गोठ्यात वैरण टाकत होते. साठीचा माणूस, कानात कापसाचा बोळा, कधी ऐकू येतं आणि कधी येत नाही ते त्यांच्या मर्जीवर. बुध्यासाठी येतेय असं तिने आधी कळवलं होतं.

"मास्तरीण बैलाचा सौदा करायला लागली व्हय?"

"सौदा नाही काका. रंग आणलाय."

त्यांनी कागद घेतला आणि आपल्या खैऱ्याच्या अंगाशी धरला. पाठीशी पाठ. मानेशी मान. बरगडीशी धरला तेव्हा चौकोन कुठं संपतो आणि बैल कुठं सुरू होतो, ते मोहिनीलाही दोनदा बघावं लागलं.

"आं? फोटूत तर लालभडक व्हता." काकांनी कागद उन्हात नेला, सावलीत आणला. "हे कुणी रंगीवलं?"

"बैलवाल्यांची नात. सहावीत आहे."

"पोटाचा बी रंग घेतलाय. पोट कोण बघतंय?" ते हसले. "जोड जुळंल बघ ही. उद्या येतो म्हणून सांग."

झालं होतं काम. कागद त्यांच्या हातात, घडी मागे, आणि उद्या एकदा माणूस तिथं पोचला की पुढचं कुशाबा सांभाळून घेणार. मोहिनीने हात पुढे केला, कागद घेतला आणि घडी उलगडली.

"काका, आणखी एक आहे."

गोरखकाकांनी राखी चौकोन पाहिला. हसू ओसरलं. त्यांनी खैऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवला, सवयीने, उगाच.

"जुवाचा?"

"हो."

"जुना का नवा?"

"मला माहीत नाही."

"कुठल्या अंगाला?"

तेही तिला माहीत नव्हतं. तिने फोन लावला. समृद्धीच्या वडलांनी उचलला, तिने समृद्धीला मागितलं आणि फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी कानातला बोळा काढून खिशात टाकला.

"पोरी, त्यो वण कुठल्या बाजूला?"

समृद्धीचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "डाव्या. दोन वर्सं झाली. आता दुखत नाय, मी रोज हात लावती. पण पावसात जू ठेवलं की मान झटकतो."

"झटकतो?"

"व्हय. गोणपाट ठेवलं मधी तर न्हाई झटकत."

काकांनी खुंटीला टांगलेलं गोणपाट चाचपून पाहिलं.

"चालतो कुठल्या अंगाला?"

"डाव्या. उजवीकडं जुंपला तर अडून बसतो. आज्याचं बी ऐकत नाय."

"माझा उजवा हाय," गोरखकाका म्हणाले. ते तिला म्हणाले की खैऱ्याला, कळलं नाही. मग मोठ्याने म्हणाले, "आज्याला सांग, उद्या पहिल्या गाडीनं येतो. अन् तू घरी ऱ्हा. त्यो काय सांगायचा ते सांगंल, बाकीचं मी तुलाच इचारीन."

त्यांनी फोन मोहिनीकडे दिला. पलीकडे समृद्धी अजून होतीच.

"बाई, त्यांचा बैल कसाय?"

"खैराच आहे गं."

"ते झालं. पण कसा? मानेवर काळा पडलाय का? पोटाखाली काय हाय?"

मोहिनीने बैलाकडे पाहिलं. इतका वेळ ती त्याच्या शेजारीच उभी होती.

"थांब," ती म्हणाली, आणि फोन कानाला धरूनच गव्हाणीला वळसा घालून पलीकडे गेली. "बघून सांगते."