आठवी बाजू

मित्रांनो, मी एक जुना लाल स्फटिक आहे. सुपारीएवढा, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा. सहाण, लिंबू आणि माणसाची लाळ यांची मला आजही शिसारी येते. का, ते सांगतो.

तांबे आणि प्राणवायू यांच्यापासून मी जमिनीच्या पोटात घडलो. माझ्या आत प्राणवायूच्या प्रत्येक कणाभोवती तांब्याचे चार कण आहेत आणि तांब्याच्या प्रत्येक कणाच्या दोन बाजूंना प्राणवायूचा एकेक कण. ही मांडणी कुठेही चुकत नाही, म्हणून तर मला बाहेरून आठ तिकोनी बाजू आल्या. शेजारीच माझा एक काळा भाऊबंद राहत असे. तोही तांबे आणि प्राणवायूचाच, पण त्याच्यात तांब्याच्या प्रत्येक कणाभोवती प्राणवायूचे चार कण चौकोनात बसलेले. मांडणी वेगळी, म्हणून तो काजळीसारखा काळा. त्याला कोणी हात लावला नाही. सुटला बिचारा!

१९२३ साली सालेकशाच्या जंगलात विहीर खणताना झामसिंगच्या कुदळीने मला बाहेर काढले. त्याने मला धुतले, उन्हात धरले, माझ्या बाजू मोजल्या आणि मोहफुले न्यायला आलेल्या देवकाबाईच्या हातावर ठेवले.

"आठ बाजू आहेत, बाई. पाह्यले मस्त आहे," तो म्हणाला.

पाहायला! पण ऐकते कोण?

मुर्री गावात देवकाबाईच्या घरी नुकतीच नात झाली होती, शामकला. पोर अशक्त आणि फिकट. देवकाबाई रोज हिरडा, हळकुंड, वेखंड सहाणेवर उगाळून तिला गुटी चाटवत असे. लाल खड्याने रक्त वाढेल, असे तिच्या मनाने घेतले आणि मी गुटीच्या डब्यात जाऊन पडलो. दुधात माझा रंग उतरेना, म्हणून तिने वर लिंबू पिळले. शी! त्या आंबट रसात रोज एक वेढा माझी एकच बाजू घासली जाऊ लागली. गेरूसारखा लगदा ती पोरीच्या तोंडात घाली आणि लाळेने बरबटलेल्या त्याच बोटाने मला पुशी.

तिसऱ्या दिवशी पोर ओकू लागली. हिरवट, फेसाळ, आंबूस. गोधडी भरली, आईचा पदर भरला. देवकाबाई मात्र खूश!

"पोटातलं विष निघून राहिलं," ती सुनेला म्हणाली. "उद्यापासून दोन वेढे."

मित्रांनो, विष मीच होतो. मला माझीच किळस आली. पाचव्या दिवशी शामकलाने दूधही तोंडात धरले नाही.

त्या सकाळी तिची आई जमुना सहाण धुवायला घेऊन बसली. आदल्या दिवशीचा लिंबाचा रस खळग्यात राहिला होता, तो हिरवानिळा झाला होता. तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि पचकन थुंकली. कल्हई गेलेल्या भांड्यातले ताक तिने असेच झालेले पाहिले होते. सहाण उचलून तिने सासूसमोर आदळली.

"हे त कळकलं! ताक कळकलं का तुम्ही ढोरालेबी देत नाही, मोरीत ओतता. अन् माह्या पोरीले काऊन चाटवता?"

देवकाबाईचा चेहरा उतरला. जमुनाने मला चिमट्यात धरून उकिरड्यावर भिरकावले.

शामकला वाचली. दरवर्षी खत उपसले जाई, मी मात्र तळाच्या चिखलात रुतून राहिलो. किडे, शेणपाणी, अंगावर हिरवी पुटे. खरे सांगू? सहाणेपेक्षा ते बरे.

१९४७ च्या उन्हाळ्यात शामकला माहेरी आली होती, कडेवर तान्हे लेकरू. खताचा खड्डा खोल करताना मी वर आलो. तिने मला राखेने घासले. लाल रंग चमकला तशी ती हरखली आणि बाजू मोजू लागली. झामसिंगनंतर तीच पहिली.

"आई, सात बाजू चांगल्या आहेत. आठवी कुठी गेली?"

जमुनाने मला लगेच ओळखले.

"आठवी तुह्या पोटात गेली, बाई."

शामकलाचा हात गळ्याशी गेला. तेवढ्यात कडेवरच्या लेकराने मला पकडायला बोटे पुढे केली. तिने मला लांब फेकले. मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, मी कुठे सापडलो तर उन्हात धरून पाहा, बाजू मोजा. पण मला पोराच्या तोंडाशी नेऊ नका. आणि हात धुतल्याशिवाय लेकराला उचलू नका.